अंगावर काढलेलं दुखणं

“कहिलेदेखि?”

तंबूतल्या आरोग्यसेविकेनं मला विचारलं. मला नेपाळी येत नव्हतं, पण हा शब्द कळला. कधीपासून? ताप कधीपासून आहे?

“हिजो,” मी म्हणाले. काल. हा शब्द आठवडाभरात तोंडी बसला होता. पत्र्यांचा ट्रक काल आला की आज यायचाय, एवढंच तर आम्ही दिवसभर एकमेकांना विचारत होतो.

मी खोटं बोलले होते. तापाचा तो सातवा दिवस होता.

तिनं माझी जीभ पाहिली. मधोमध पांढरट थर, कडा लाल. पोटाच्या उजव्या बाजूला खाली दाबलं तेव्हा मी कळवळले. मग माझ्याकडे न बघता तिनं तंबूच्या दाराशी बसलेल्या माणसाकडे बघितलं. तो गुडघ्यांत डोकं घालून दम खात होता. कपाळावर नाम्ल्याचा, म्हणजे ओझं पेलायच्या पट्ट्याचा, लाल वळ उमटला होता. शेजारी त्याचा डोको, ती बांबूची निमुळती टोपली. तिची एक बाजू कापून बसायला जागा केली होती. तीन तासांचा डोंगर उतरून त्यानं मला त्या टोपलीतून आणलं होतं.

“धेरै दिन भयो,” तो म्हणाला. बरेच दिवस झाले.

त्याला माहीत होतं. ज्याच्या घरावर पत्रे घालायला मी हिंजवडीहून गेले होते, त्या माणसाला माझा ताप माझ्या सोबतच्या आठ जणांच्या आधी कळला होता.

हा लेख त्या ‘हिजो’बद्दल आहे. मदतीला गेलेला माणूस आजारी पडतो तेव्हा तो खोटं का बोलतो, आणि त्या खोट्याची किंमत कोण मोजतं, याबद्दल.

*

२५ एप्रिल २०१५ हा शनिवार होता. नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. १२ मे रोजी पुन्हा ७.३ चा धक्का बसला. नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यातली सर्वाधिक, साडेतीन हजारांच्या घरात, काठमांडूच्या ईशान्येकडच्या सिंधुपाल्चोक या एका जिल्ह्यातली होती.

हिंजवडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे राजीव गांधी आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आणि शिवाजी चौकातली कोंडी येते. इथे राहणाऱ्यांना दुसरी हिंजवडीही ठाऊक असते: म्हातोबाचं गाव, चैत्रातल्या जत्रेचं बगाड, पावसाळ्यात मुळशीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावलेला भात. या दोन्ही हिंजवड्यांना वर्गणी काढणं चांगलं जमतं. मे महिन्यात आमच्या सोसायटीत, फेज एकमधल्या दोन-तीन कंपन्यांत आणि गावातल्या तरुणांत मिळून पैसे जमले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नेपाळमध्ये पाऊस सुरू होतो. त्याआधी जितक्या घरांवर पत्रे चढतील तितके चढवायचे, एवढंच ठरवून आम्ही नऊ जण निघालो. कुणी टेस्टर, कुणी डेव्हलपर, एक जण गावातला फॅब्रिकेशनवाला. आमच्यात पत्र्याचं काम खरं त्यालाच येत होतं.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची सीमा चालत ओलांडली. भारतीयाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागलं, परदेश म्हणून जाणवलं ते इतकंच. पाट्या देवनागरीत होत्या. नेपाळीतही ‘औषधि’, तेव्हा दुकानावर ‘औषधि पसल’ लिहिलेलं दिसलं की मराठी डोळ्याला काहीच अडत नाही. ज्वर तिकडे ‘ज्वरो’. आजारपणाचे निम्मे शब्द मला येतच होते, तरी त्यांतला एकही मी वेळेवर उच्चारला नाही.

*

मराठीत यासाठी एक नेमका वाक्प्रचार आहे: दुखणं अंगावर काढणं. आपल्या घराघरांत तो अभिमानानं बोलला जातो. आजीनं ताप अंगावर काढला, बाबांनी छातीतली कळ अंगावर काढली. काढलं, म्हणजे जणू पार केलं. मी त्या सात दिवसांत काय केलं, ते इथे लिहून ठेवते.

पहिल्या दिवशी अंग मोडून आलं, तेव्हा प्रवासाचा शीण म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजली, तर डोंगरातली हवा म्हटलं. पिशवीत थर्मामीटर होता, तो बाहेर काढला नाही. आकडा दिसला असता तर तो कुणाला तरी सांगावा लागला असता. तिसऱ्या दिवसापासून पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेऊ लागले. त्या गोळ्या गावकऱ्यांसाठी आणलेल्या पेटीतल्या होत्या. ताप सकाळी थोडा उतरायचा आणि संध्याकाळी कालच्यापेक्षा वर चढायचा. विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची, ही अगदी पुस्तकी चाल. पायरी पायरीनं चढणारा ताप. पण पायऱ्या मोजायला आकडे लागतात, आणि थर्मामीटर पिशवीच्या तळाशी होता.

चौथ्या दिवशी टेकडीवर रेंज मिळाली म्हणून आईला फोन केला. ती साताऱ्यात असते.

“तुझ्या आवाजात ताप आहे,” ती म्हणाली.

“काही नाही गं, धूळ आहे इथे.”

“मग धुळीचं औषध घे,” ती म्हणाली आणि गप्प झाली. तिला कळलं होतं.

पाचव्या दिवशी मी शाळेच्या पडवीत पन्नास पोरांसाठी खिचडी रांधली. सहाव्या दिवशी आमच्या नऊ जणांची कणीक मळली. हे दोन दिवस मला आजही सगळ्यात जास्त सलतात. टायफॉइडचे जंतू आजाऱ्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि नीट न धुतलेल्या हातांवाटे पाण्यात, अन्नात जातात. तिथे पाणी मोजून मिळत होतं. साबण कधी असे, कधी नसे. पोरांना काही झालं नाही, आमच्यातल्याही कुणाला झालं नाही. हे नशीब. यात माझी कसली काळजी कामाला आली नाही, कारण मी ती घेतलीच नव्हती.

सातव्या दिवशी पत्र्यांचं बंडल उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्ध आली तेव्हा मी डोकोत होते. आकाश उलट्या दिशेनं चाललं होतं, कारण त्या टोपलीत माणूस मागे तोंड करून बसतो. वर डोंगरावर त्या माणसाचं घर दिसत होतं: चार खांब, दोन वासे, बाकी उघडं. त्या दिवशी त्याच्या छपराची पाळी होती. आमच्यातले दोघं माझ्यासोबत खाली आले, दोघं काठमांडूच्या गाडीची सोय बघायला पुढे गेले. उरलेल्या चौघांनी काम होत नाही. त्याचं छप्पर त्या दिवशी झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या रात्री पाऊस पडला.

*

काठमांडूच्या रुग्णालयात मी नऊ दिवस होते. सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शनं शिरेतून चालली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की, टायफॉइड दोन-तीन आठवडे असाच सोडला तर आतड्याला भोक पडू शकतं, रक्तस्राव होऊ शकतो. मी दुसऱ्या आठवड्याच्या उंबऱ्यावर होते.

बिल भरायची वेळ आली तेव्हा कळलं की माझी मेडिक्लेम पॉलिसी इथे चालणार नाही. भारतातल्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत उपचार भारतात झाले तरच पैसे मिळतात. ‘परदेश’ वाटला नाही म्हणून प्रवास विमा काढायचं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कामासाठी ऑनसाईट जाताना याच आम्हा लोकांची तिकीट, विमा, तिकडच्या रुग्णालयाचा पत्ता अशी सगळी व्यवस्था कंपनी करते. स्वयंसेवक म्हणून निघालो तेव्हा ते करणारं कुणी नव्हतं, आणि ते आपण करायचं असतं हे आम्हाला सुचलं नाही. गटानं बिल पत्र्यांच्या वर्गणीतून भरलं. मी पुढे ते पैसे परत केले. पण त्या दिवशी रुग्णालयाच्या खाटेवर पडून मी हिशेब केला होता: दोन घरांचं छप्पर.

*

घरी आल्यावर दीड महिना अशक्तपणा होता. त्या दिवसांत मी डॉ. कोटणीसांविषयी मिळेल ते वाचलं. महाराष्ट्रात हे नाव कुणाला माहीत नाही? सोलापूरचा तरुण डॉक्टर, चीनला गेला, तिथेच वारला. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट, त्याच्या आधीचं ख्वाजा अहमद अब्बास यांचं पुस्तक. मीही एवढंच जाणत होते. पण आजारपणातून उठून वाचताना ती गोष्ट निराळी दिसली. आतापर्यंत ती मला एका शूर डॉक्टरची गोष्ट वाटायची, आता ती एका रुग्णाचीही वाटू लागली.

१९३७ साली जपाननं चीनवर आक्रमण केलं. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी देशाला आवाहन केलं, जुलैमध्ये ‘चीन दिवस’ पाळून २२ हजार रुपये जमवले गेले, एक रुग्णवाहिका घेतली गेली आणि पाच डॉक्टर निवडले गेले. पथकाचे प्रमुख डॉ. मदन अटल, ते आधी स्पेनच्या यादवी युद्धातही सेवा करून आले होते. वयानं सगळ्यांत मोठे नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर. बंगालचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे, वय २७. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीनं ते मुंबईहून निघाले. म्हणजे हिंजवडीच्या आमच्या वर्गणीला सत्त्याहत्तर वर्षांपूर्वीचा एक मोठा पूर्वज होता.

चीनमध्ये पोचल्यावर काही महिन्यांतच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. ते परतले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोचले, पुढे उत्तरेत जपानी फौजांच्या वेढ्यामागच्या डोंगराळ भागात गेले. १९४० च्या मोठ्या मोहिमेत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचं त्यांची चरित्रं सांगतात. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी तिथल्या परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनह्वा: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन.

आता त्या पाच जणांकडे रुग्ण म्हणून बघा. मुखर्जींना मूत्रपिंडाच्या दुखण्यानं परतावं लागलं. अटल यांनाही प्रकृतीमुळे परतावं लागलं. आणि कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले, आपण ज्याला फिट येणं किंवा फेपरं म्हणतो ते. पाचांतले तिघं. ज्या पथकाला आपण इतिहासात ‘वैद्यकीय पथक’ म्हणून ओळखतो, त्यातली अर्ध्याहून अधिक माणसं स्वतः आजारी पडली होती.

कोटणीसांना उपचारांसाठी मागे सुरक्षित ठिकाणी जाण्याचा सल्ला दिला गेला आणि त्यांनी तो मानला नाही, असं चिनी वृत्तान्त सांगतात. त्या डोंगरांत त्या काळी अन्नाचीही टंचाई होती, नाकेबंदीमुळे औषधं पोचत नव्हती. झटक्यांच्या मधल्या काळात ते शस्त्रक्रिया करत, विद्यार्थ्यांना शिकवत, शल्यचिकित्सेवरचं पाठ्यपुस्तक लिहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातल्या एका खेड्यात अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

एक तारीख वाचताना मी थांबले. अपस्मारावर आजही जगभर दिलं जाणारं फेनिटॉइन हे औषध झटके थांबवतं, हे अमेरिकेतल्या मेरिट आणि पटनम या दोघांनी सिद्ध केलं ते १९३८ साली. कोटणीस बोटीत बसले त्याच वर्षी. आज ती गोळी हिंजवडीच्या कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून मिळते. तिनं कोटणीस वाचलेच असते असं मी म्हणणार नाही. पण औषध जगात होतं. ते आणि कोटणीस यांच्यामध्ये एक युद्ध होतं.

ज्या कॅनेडियन डॉक्टरच्या नावाचं रुग्णालय कोटणीसांनी चालवलं, त्या नॉर्मन बेथ्यूनचीही गोष्ट हीच. १९३९ च्या ऑक्टोबरअखेर शस्त्रक्रिया करताना त्यांचं बोट कापलं. हातात मोजे नव्हते. जखम चिघळली, जंतू रक्तात गेले, आणि १२ नोव्हेंबरला ते वारले. पेनिसिलिन माणसांवर वापरलं जायला अजून वर्षाहून अधिक काळ होता. बेथ्यून आणि कोटणीस आज शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात एकाच आवारात आहेत.

पुढच्या वर्षी मी सोलापूरला गेले. भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घराचं स्मारक झालं आहे. तिथल्या छायाचित्रांत ते तरुण दिसतात, सैनिकी टोपीत, हसरे. मी एवढंच शोधत होते की, एखाद्या चेहऱ्यावर थकवा दिसतो का. छायाचित्रासाठी माणूस थकवा लपवतो. मीही पत्र्यांच्या ढिगापुढे उभी राहून हसले होते, तापाच्या पाचव्या दिवशी. तो फोटो माझ्याकडे आहे.

*

परदेशाचं सोडा. सेवा करणाऱ्याच्या आजारपणाची सगळ्यात मोठी गोष्ट आमच्या पुण्यातलीच आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला. १८९७ च्या सुरुवातीला तो पुण्यात पसरला होता. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाईंचं वय तेव्हा ६६. मुंढव्याच्या गायकवाडांचा मुलगा पांडुरंग याला प्लेग झाल्याचं कळल्यावर त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. तो वाचल्याचं सांगतात. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये, वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानं आपली नवी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. मधे बरोबर दोन महिने. पुणे ते मुंबई, रेल्वेनं काही तासांचं अंतर. इथेही औषध जन्माला आलेलं होतं, पोचलं नव्हतं.

सावित्रीबाईंच्या पाठीवरचा तो मुलगा वाचताना मला डोको आठवल्याशिवाय राहत नाही. पण दोन्ही ओझी सारखी नाहीत, आणि तेच मला सांगायचं आहे. तिथे सेवा करणारी रुग्णाला पाठीवर घेऊन चालत होती. सिंधुपाल्चोकमध्ये ज्याची सेवा करायची तो सेवा करायला आलेलीला पाठीवर घेऊन चालला होता.

कोटणीस आणि औषध यांच्यामध्ये युद्ध होतं. सावित्रीबाई आणि लस यांच्यामध्ये काळ होता. माझ्या आणि औषधाच्या मध्ये काय होतं? तीन तासांची उतरण आणि माझं न उघडलेलं तोंड. चौथ्या दिवशी मी पायी उतरले असते, कुणाच्या पाठीवर नाही. त्या थोरांनी आजार अंगावर घेतला, कारण समोर दुसरा रस्ता फार अरुंद होता. माझ्यापुढे रुंद रस्ता होता आणि मी त्यांची नक्कल केली. त्यांच्या मरणाचा आदर असा होत नाही. त्यांना जे मिळालं नाही ते पुढच्याला मिळेल अशी व्यवस्था लावणं, हा तो आदर.

*

आजारी मदतनीस हा फक्त ओझं असतो असंही नाही. तो स्वतःच संकट होऊ शकतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे कॉलरा, आपली पटकी, उसळला. हैतीत अनेक दशकं पटकी नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका छावणीतलं मैलापाणी नदीच्या उपप्रवाहात मिसळलं आणि तिथून रोग पसरला, हे शास्त्रज्ञांनी पुढे जंतूंच्या जनुकांवरून दाखवून दिलं. छावणीतल्या तुकड्या नेपाळहून आलेल्या होत्या, जिथे त्याच सुमारास पटकीची साथ होती. आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले, दहा हजारांच्या आसपास मेले. डिसेंबर २०१६ मध्ये सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. ते सैनिक वाईट हेतूनं गेले नव्हते. निघण्यापूर्वी त्यांची नीट तपासणी आणि छावणीत मैल्याची नीट व्यवस्था झाली असती तर बहुधा हे टळलं असतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४-१५ च्या इबोलाच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींप्रमाणे ८८० च्या आसपास आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाली आणि ५०० हून अधिक जण मरण पावले. बहुतेक स्थानिक होते, काही बाहेरून आलेले स्वयंसेवक. त्या साथीत काम करणाऱ्या संस्थांनी एक शिस्त पाळली: रोज दोनदा ताप मोजायचा आणि वाढलेला दिसला की त्या क्षणी काम थांबवून सांगायचं. तिथे ताप लपवणं म्हणजे सोबत्याचा जीव धोक्यात घालणं, हे सगळ्यांना कळत होतं. पत्रे बसवायला गेलेल्या आम्हाला ते कळायला हवं होतं.

*

आता आमच्या गटाचा एक कागद आहे. गेल्या दहा वर्षांत तो वाढत गेला. त्यातलं थोडं इथे सांगते, कारण सुट्ट्यांत कुणी ना कुणी कुठे तरी निघणार आहे.

निघण्याच्या सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटायचं. मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट: जे असेल ते गटातल्या किमान एकाला सांगायचं आणि रोजची औषधं चिठ्ठीसह पूर्ण मुक्काम अधिक दोन आठवडे पुरतील इतकी घ्यायची. टायफॉइड आणि कावीळ अ यांच्या लसी घ्यायच्या. मी गेले तेव्हाही टायफॉइडची लस होती, मी घेतली नव्हती. आता त्याहून टिकाऊ संयुग्मित लस मिळते. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं तिची मोहीम राबवली, सरकारी यंत्रणेनं अशी मोहीम घेण्याची ही जगातली पहिली वेळ. २०२२ मध्ये नेपाळनं ती मुलांच्या लसीकरणात आणली. ज्या पोरांना मी खिचडी वाढली, त्यांच्या धाकट्या भावंडांना आता ती मिळते, हे वाचलं त्या दिवशी मला बरं वाटलं.

आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांत जाणार असाल तर त्याची लस सरकारमान्य केंद्रावरच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यायची. २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं. ते नसताना पीतज्वराच्या देशातून भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. मलेरियाच्या प्रदेशात जाणाऱ्यानं प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारायचं.

प्रवास विमा काढायचा, नेपाळ आणि भूतानसाठीसुद्धा. त्यात आधीपासूनचे आजार, उंच डोंगरावरचं काम आणि रुग्णाला दुसरीकडे हलवण्याचा खर्च बसतो का, हे सही करण्यापूर्वी वाचायचं. भारतीय दूतावासाचा क्रमांक फोनमध्येच नाही, कागदावरही ठेवायचा. संकटात सापडलेल्या भारतीयांसाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरजू माणसाच्या तातडीच्या उपचारांना त्यातून मदत मिळू शकते. तो हक्काचा विमा नव्हे, पण दार ठोठावायला जागा आहे.

परत आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: मी अमुक देशात जाऊन आलोय. फाल्सिपेरम मलेरिया बहुधा महिन्याभरात उठतो, कधी त्याहून उशिराही. वाकडचा डॉक्टर डेंगी शोधत बसेल, कारण त्याला रोज डेंगीच दिसतो. हिंजवडीहून पाषाण फार लांब नाही. १९५२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचं एक संकुल तिथे आहे, आणि जानेवारी २०२० मध्ये देशातला पहिला करोना रुग्ण निश्चित झाला तो या संस्थेच्या तपासणीनं. तो रुग्ण परदेशातून परतलेला होता. एवढी मोठी प्रयोगशाळा शेजारी असूनही, आपण कुठून आलो हे आपणच सांगितलं नाही तर ती काय करणार?

या सगळ्याच्या वर, कागदाच्या पहिल्या ओळीत, एक नियम आहे. रोज रात्री जेवणाआधी सगळ्यांनी गोल बसायचं, थर्मामीटर फिरवायचा आणि प्रत्येकानं आपल्या अंगाचं काय चाललंय ते सांगायचं. कुणाला काही होत असेल तर बाकीच्यांनी एकच विचारायचं: कहिलेदेखि? हा शब्द आता आमच्यात मराठीच झाला आहे. नवीन आलेली पोरं पहिल्या दिवशी लाजतात. दुसऱ्या दिवशी कुणी तरी म्हणतं, सकाळपासून पोटात मुरडा आहे. मग त्याला चुलीपासून दूर बसवतात आणि मीठ-साखरेचं पाणी देतात. तिसऱ्या दिवशी बहुतेक वेळा तो कामावर असतो.

*

२०१६ च्या मे महिन्यात मी पुन्हा त्या डोंगरावर गेले. या वेळी पायी. वरच्या वळणावरून त्याचं घर दिसलं. छप्पर चढलेलं होतं. आमच्यातले जे मागे राहिले होते त्यांनी, माझ्यानंतर नऊ दिवसांनी, ते घातलं होतं. मधल्या नऊ रात्री तो, त्याची बायको आणि दोन मुलं ताडपत्रीखाली झोपली होती. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. आमच्या फॅब्रिकेशनवाल्यानं सांगितलं.

तो अंगणात मका सोलत होता. मला ओळखून उठला.

“सन्चै हुनुहुन्छ, बहिनी?” बरी आहेस ना?

मी ‘हो’ म्हणणारच होते. तोंडातून आलेलं ‘हो’ मी परत गिळलं.

“टाउको दुखेको छ, दाइ.” डोकं दुखतंय.

“कहिलेदेखि?”

“आज बिहानदेखि.” आज सकाळपासून. आणि हे खरं होतं.

त्यानं मान हलवली. आत गेला, पेलाभर गरम पाणी घेऊन आला, माझ्या हातात दिलं आणि पत्र्याच्या सावलीत बसायला सांगितलं.